तलावाच्या कडेचे दोघे

पूर्व विदर्भातल्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की एका हाताला पाणी दिसतं, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या. पाळीच्या समोरच्या टोकाला, जिकडून पावसाचं पाणी तलावात उतरतं, तिकडे तलाव उथळ होत होत जमिनीत मिसळतो. पाणी नेमकं कुठे संपलं आणि माळ कुठे सुरू झाला, हे तिथे सांगता येत नाही. आधी देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान, मग लव्हाळा, मग गवत, मग बोरी-बाभळींची झुडपं. त्या उथळ पाण्यात पायला नावाची गोगलगाय राहते आणि त्या झुडपांत तित्तर राहतो.

एक कण्याचा, मोठ्या आवाजाचा, पळण्यात पटाईत पक्षी. दुसरी बिनकण्याची, मुकी, पोटावर चालणारी. या दोघांना शेजारी बसवून पाहावं असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मनातून मात्र ही जोडी हलत नाही. त्यांच्याबद्दल जितकं वाचत गेले, तलावाच्या कडेला जितकी बसत गेले, तितकं दिसत गेलं की दोघांसमोरचे प्रश्न तेच आहेत आणि त्यांची उत्तरंही अनेकदा एकमेकांशी जुळतात. आणि दोघांचं सारं जगणं त्या एका अरुंद पट्ट्यावर उभं आहे, ज्याला आपण धड पाणी समजत नाही की धड जमीन.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्यांच्याच हातचा. मालगुजारी म्हणजे गावांचा सारा वसूल करणारी जमीनदारी. १९५० च्या कायद्याने ती गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावाला ‘माजी’ चिकटलं. धानाला पाणी मिळावं म्हणून माणसाने बांधलेले हे तलाव आहेत, पण तीन-तीनशे वर्षं एखादी गोष्ट जागेवर राहिली की ती एकट्या माणसाची राहत नाही.

तित्तराचा आवाज मी कळत्या वयाच्या आधीपासून ऐकत आले. उन्हं वर यायच्या आत एक नर झुडपातून ओरडायला लागतो, ठसक्यात, तेच तेच, थांबायचं नाव नाही. लगेच दुसऱ्या धुऱ्यावरून दुसरा. मादीही साथ देते. आवाज एवढा मोठा की ऐकणाऱ्याला वाटावं पक्षी चांगला दांडगा असेल. दिसतो तेव्हा जेमतेम फूटभर लांबीचा, राखी-तपकिरी, अंगभर बारीक आडव्या रेघा, गळ्यावर पिवळसर चट्टा आणि त्याभोवती काळी किनार. नराच्या पायावर आऱ्या असतात, तेवढाच नर-मादीत फरक.

पायला मात्र मला भेटली ती कॉलेजात, मेणाच्या ट्रेमध्ये. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पायलाची मज्जासंस्था आणि रॅड्युलाचं, म्हणजे तिच्या तोंडातल्या खरवडणाऱ्या दातेरी पट्टीचं, माउंट या दोन गोष्टी विसरणं शक्य नाही. १९२५ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बैनी प्रशाद यांनी तिच्या शरीररचनेचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि पुढे कित्येक दशकं देशभरातल्या विद्यार्थ्यांनी ती त्या नकाशानुसार कापली. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गांतलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण त्या टेबलावर मला एक गोष्ट समजली, तिचं नवल आजही ओसरलेलं नाही. अंड्यात असतानाच गोगलगायीचं शरीर स्वतःभोवती १८० अंशांत फिरतं. मागचं पुढे येतं. गुदद्वार डोक्याच्या वर येऊन बसतं, मज्जातंतूंचा इंग्रजी आठाच्या आकड्यात पीळ पडतो आणि त्या पीळ पडलेल्या शरीरानेच ती उरलेला जन्म काढते. इतकी मोठी उलथापालथ पोटात घेऊन ती निवांत शेवाळ खरवडत असते. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं म्हणून आपण तिला लबाड ठरवलं. मला ही म्हण तिच्यावर अन्याय करणारी वाटते.

तिच्या मंदपणाबद्दलही तसंच. गोगलगाय सावकाश चालते ती आळसाने नाही. ती आपल्याच अंगातून पाझरलेल्या चिकट द्रवावरून सरकते. हा द्रव मोठा विलक्षण आहे. हलका दाब पडला तर तो घट्ट राहतो आणि पायाला धरून ठेवतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की एकदम पातळ होतो आणि पाय सरकू देतो. बाटलीतला टोमॅटो सॉस झटका दिल्याशिवाय हलत नाही आणि हलला की भसकन येतो, तशातला प्रकार. पायाच्या तळव्यावरून स्नायूंच्या लाटा जातात आणि त्या लाटांबरोबर हा द्रव क्षणात घट्ट, क्षणात पातळ होत राहतो. पण तो तयार करायला फार मोल मोजावं लागतं. १९८० मध्ये मार्क डेनी या संशोधकाने बिनशंखाच्या गोगलगायीवर मोजमापं घेतली, तेव्हा तेवढंच अंतर पळत, पोहत किंवा उडत कापण्यापेक्षा असं सरकत कापायला कितीतरी जास्त ऊर्जा लागते असं दिसलं. एकेक वीत तिला महाग पडते.

आता तित्तर. तो पळतो तेव्हा डोळ्यांनी पाठलाग करणंही कठीण, पण उडणं त्याला आवडत नाही. कोंबड्यांच्या कुळातल्या बहुतेक रानपक्ष्यांची हीच गत. छातीचे स्नायू मोठे, पण फिक्या रंगाचे. क्षणात पेट घेणारे आणि क्षणात दमणारे. कबुतराच्या छातीचं मांस गडद लाल असतं, कारण त्याला दूरवर उडायचं असतं. तित्तराला फक्त जमिनीवरून एकदम उसळायचं, शंभर-दोनशे पावलांवर झेप टाकायची आणि पुन्हा गवतात शिरायचं. एवढ्याने तो थकतो. लागोपाठ दोन-तीनदा उठवला तर पुढे उडायचं बळ त्याच्यात राहत नाही. जुन्या शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे जगातल्या संथ चालीतली एक चाल आणि स्फोटासारखी एक उसळी, दोन्ही आपापल्या मालकाला जड जातात. म्हणून दोघंही शक्यतो जागचे हलत नाहीत. कोल्हा जवळ आला तरी तित्तर आधी थिजतो, मग दबकत पळतो आणि अगदीच इलाज उरला नाही तर उडतो. पायला आधी शिंगं आत घेते, मग पाय आत ओढते आणि पायाच्या मागच्या भागावर असलेलं झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट बसवते. दोघांचा पहिला भरवसा न दिसण्यावर आहे. एकाने त्यासाठी वाळल्या गवताचे रंग अंगावर घेतले, दुसरीने चिखलाचे.

उन्हाळा आला की त्या पट्ट्यात खरी परीक्षा सुरू होते. एप्रिलमध्ये पाणी मागे सरतं, चिखल उघडा पडतो, त्याला भेगा जातात. त्या ओलीवर गाळपेर करणारे भाजीपाला, कडधान्य घेतात. पायला तोवर चिखलात खाली गेलेली असते. झाकण बंद, शरीराचा सगळा कारभार मंदावलेला, अशी ती पावसापर्यंत महिनोनमहिने पडून राहते. हे तिला जमतं कारण तिच्याकडे श्वासाच्या दोन सोयी आहेत. पाण्यात असताना कल्ला आणि हवेसाठी फुप्फुस. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर ती पृष्ठभागाजवळ येऊन मानेजवळच्या त्वचेची नळी करते, ती पाण्याबाहेर काढते आणि हवा आत ओढते. जीवसृष्टीने पाण्यातून जमिनीवर यायला कोट्यवधी वर्षं घेतली. ही तो उंबरठा दरवर्षी दोनदा ओलांडते.

पण बंद शंखात आणखी एक संकट असतं, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. शरीरात तयार होणारं नत्राचं विष टाकायचं कुठे? पाण्यात असताना ते अमोनियाच्या रूपात सहज धुऊन जातं. अमोनिया विषारी आणि तो पातळ करायला भरपूर पाणी हवं. चिखलात झोपलेल्या पायलाजवळ पाणी नाही. म्हणून त्या काळात ती त्याचं युरिक आम्ल करते. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे फारसं बाधत नाही, शरीरात साठवून ठेवता येतं. आणि पक्षी तरी दुसरं काय करतात? तित्तराच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे हेच युरिक आम्ल. पक्ष्याने तो मार्ग कायमचा धरला, कारण त्याच्या पिल्लालाही कवचाच्या आत, बाहेरून पाण्याचा थेंब न मिळता वाढायचं असतं. अंड्यातलं पिल्लू आणि उन्हाळ्यातली पायला, दोघंही चुन्याच्या भिंतीआड तेच रसायन सांभाळत पावसाची नाहीतर जन्माची वाट पाहतात. हे मला समजलं त्या दिवशी मी वही मिटून नुसती बसून राहिले होते.

आमच्याकडच्या तलावावर जाळं टाकणारे एक ढिवर काका होते. कोरड्या पडलेल्या तलावाकडे पाहून मी हळहळले तेव्हा ते म्हणाले, “आटला म्हणून काय झालं बाई, खाली आहेत ना सारे.” मृगाच्या पहिल्या सरींनंतर त्यांच्या बोलण्याची प्रचीती येते. चिखल मऊ होतो आणि खालून एकेक शंख वर येऊ लागतो.

आता चुन्याबद्दल. दोघांना जोडणारा सर्वांत पक्का धागा माझ्या मते हा आहे.

गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा. पक्ष्याच्या अंड्याचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच. फरक स्फटिकांच्या ठेवणीत. शंखात ते बहुतांशी अ‍ॅरॅगोनाइटच्या रूपात असतं, अंड्यात कॅल्साइटच्या. पायला आपल्या शरीराच्या झालरीतून शंखाच्या ओठावर थोडा थोडा थर चढवत जाते. त्यासाठी लागणारं कॅल्शियम ती पाण्यातून आणि खाण्यातून घेते. पाणी मऊ असेल, आम्लाकडे झुकणारं असेल तर शंखाचं जुनं टोक झिजतं. आमच्या तलावांतल्या पुष्कळ शंखांची टोकं अशी कुरतडल्यासारखी दिसतात. शंखाचा तोच भाग तिच्या बाळपणीचा असतो.

पक्ष्याला हे काम संथपणे करायला वेळ नसतो. कोंबडीच्या अंड्याचं कवच घडायला साधारण वीस तास लागतात आणि एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. एवढं एका दिवसाच्या खाण्यातून कसं मिळणार? म्हणून अंडी घालायच्या दिवसांत मादी पायांच्या पोकळ हाडांच्या आत एक तात्पुरतं हाड तयार करते, निव्वळ साठ्यासाठी. रात्री कवच घडत असतं तेव्हा ती हे हाड मोडून वापरते. स्वतःच्या हाडाचं अंडं करते, म्हणा ना. तो साठा भरायला तिला चुना शोधावा लागतो. पोल्ट्रीवाले खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात तो यासाठीच. तित्तराच्या कुळातल्या फेझंट पक्ष्यांच्या माद्या अंड्यांच्या दिवसांत चुन्याचे खडे निवडून टिपतात, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे.

या धाग्याची ताकद किती, ते नेदरलँड्समधल्या जंगलांनी दाखवून दिलं. तिथे ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची अंडी पातळ, सच्छिद्र कवचाची निघू लागली. काही माद्या तर अंडीच नसलेल्या घरट्यावर बसून राहायच्या. विषारी फवारण्यांचा संशय सहज यावा, पण कारण वेगळं निघालं. आम्लवर्षेने मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं होतं, त्यामुळे जमिनीवरच्या गोगलगायी घटल्या होत्या आणि पक्षिणींना कवचासाठी लागणारे शंख मिळत नव्हते. संशोधकांनी जंगलात शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे ठेवले, तेव्हा अंडी सुधारली. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथल्या गोगलगायी जमिनीवरच्या आणि पक्षी फांद्यांवरचा, आमच्या तलावाची जोडी वेगळी आहे. पण गोगलगाय गेल्याने पक्ष्याचं अंडं फुटतं, हे वाक्य आता निव्वळ कल्पना नाही, ते मोजून पाहिलेलं सत्य आहे.

अंड्यांचा विषय निघालाच आहे तर पायलाचीही अंडी सांगायला हवीत. ती पाण्यात राहते, पण अंडी घालायला पाण्याबाहेर येते. पावसाळ्यात कडेच्या ओल्या मातीत, एखाद्या खळग्यात, ती पांढऱ्या गोल अंड्यांचा पुंजका घालते. प्रत्येक अंड्याला चुन्याचं कवच. त्याच कडेला, थोडं वर, झुडपाच्या आडोशाला तित्तराची मादी जमीन जराशी उकरून फिकट बदामी रंगाची सहा-आठ अंडी घालते. घरटं म्हणावं असं तिथे काही नसतं. दोन्ही अंडी मातीवर, दोन्हींना छप्पर नाही. पिल्लंही दोघांची तयार होऊनच येतात. पायलाच्या अंड्यातून इवल्या शंखासकट गोगलगाय निघते आणि पाण्याकडे सरकते. तित्तराचं पिल्लू पिसं वाळली की आईमागे धावू लागतं आणि वाळवी टिपायला शिकतं.

तलावात आणखी एक लहान गोगलगाय असते, शंखावर आडव्या गडद पट्ट्या असलेली. शास्त्रात तिला बेलामिया म्हणतात. तिला फुप्फुस नाही, नुसता कल्ला, आणि ती अंडीच घालत नाही. शंख चढलेली पिल्लं पोटात वाढवून जन्माला घालते. पक्षी अंड्यात अडकला आणि गोगलगाय मात्र पोटातून पिल्लं देऊ लागली. प्रगतीच्या ज्या पायऱ्या आपण शाळेत पाठ करतो, त्या या तलावात सरळ रांगेत उभ्या नाहीत.

या दोघांवर नजर ठेवणारेही तिथेच असतात. मुग्धबलाक हा करकोचा जवळजवळ पायलासाठीच घडलेला. चोच मिटली तरी मध्ये फट राहते. तो पाण्यात शंख दाबून धरतो, खालच्या चोचीचं टोक झाकणाखाली घालतो, आतला स्नायू कापतो आणि बऱ्याचदा शंख न फोडता गोगलगाय बाहेर ओढतो. आणि भारद्वाज, ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो, तो गोगलगायीही खातो आणि पक्ष्यांची अंडी-पिल्लंही. त्याच्या वाटेवर दोघंही येतात.

माणसाने मात्र दोघांना सारखं मापलं नाही. तित्तराला आपण पुराणात नेलं. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेला यजुर्वेद इतर शिष्यांनी तित्तर होऊन टिपला, ही कथा सर्वांना माहीत आहे. जातकातही हत्ती, माकड आणि तित्तर यांच्यात वडील कोण असा प्रश्न निघतो, तेव्हा मान तित्तराला मिळतो, कारण ज्या वडाखाली ते बसले आहेत तो त्याने टाकलेल्या बियेतून उगवलेला असतो. त्याच्या झुंजी लावल्या गेल्या, त्याला पिंजऱ्यात पाळलं, त्याच्या मांसाची वाखाणणी झाली. इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक त्याच्यामागे बंदुका घेऊन हिंडले आणि त्याला खेळ म्हटलं गेलं. फासेपारधी तोच पक्षी फासे लावून पोटासाठी धरत होते. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींत पुढे पारध्यांनाही ढकललं गेलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण तो शिक्का गावोगावच्या मनांतून अजून गेलेला नाही. एकाच पक्ष्यामागे गेलेल्या दोन माणसांना दोन न्याय लावले, हे तित्तराबद्दल लिहिताना सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. तित्तराला आज कायद्याचं संरक्षण आहे.

पायलाला ते नाही. तिचं मांस गडचिरोलीपासून बस्तर, झारखंड, बंगालपर्यंत गरिबाच्या ताटात असतं, उकडून, तिखटमीठ लावून. ज्या घरांत डाळ रोज शिजत नाही तिथे पावसाळ्यात हे प्रथिन फुकट मिळतं. याचं कौतुक कुणी केलं नाही, उलट ते खाणाऱ्यांना नाकं मुरडली गेली. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची बातमी होते ती रोगामुळे. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार सापडला. त्याचा परजीवी फेरिशिया नावाच्या अगदी चिमुकल्या गोगलगायीतून माणसापर्यंत येत होता. गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीही दुसऱ्या एका पाणगोगलगायीतून येतात. अलीकडे मराठवाड्यात सोयाबीन फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींनी शेतकऱ्याला रडवलं. त्या जमिनीवरच्या, जात वेगळी, पण राग सगळ्या गोगलगायींवर निघतो. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, त्याला उत्तर हवंच. तरी तलावातल्या पायलाने कुणाचं सोयाबीन खाल्लेलं नाही.

कायदा तित्तराला वाचवतो म्हणजे नेमकं काय वाचवतो? त्याला मारणाऱ्या हाताला रोखतो. त्याच्या अंड्याखालची जमीन गेली तर तो कायदा सहसा हलत नाही. आणि ती जमीन जाते आहे.

तलावांतला गाळ काढणं गरजेचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिढ्यानपिढ्या साचलेल्या गाळाने तलाव उथळ झाले, धानाला पाणी पुरेना, ढिवरांची मासळी घटली. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. गाळ शेतात गेला की जमीन सुधारते, ती सुधारलेली शेतं मी पाहिली आहेत. पण गाळ काढायचा काळ कोणता? पाणी आटल्यावर, एप्रिल-मे. नेमका तोच काळ जेव्हा पायला त्या गाळात झाकण लावून पडलेली असते. जेसीबीच्या बकेटमधून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाते आणि कोरड्या शेतात पसरली जाते. तिथे तिच्यासाठी पाऊस आला तरी तलाव येत नाही. एका उन्हाळ्यात कडेपासून कडेपर्यंत सगळा तलाव खरवडून काढला तर पुढच्या पावसात वर यायला कोण उरेल?

उन्हाळ्यात काम करू नका असं मी म्हणणार नाही, पावसात गाळ निघत नाही. पण तलाव एकदम न खोदता टप्प्याटप्प्याने खोदता येतो. या वर्षी मधला भाग, पुढे कधी एक बाजू. पाणी येतं त्या उथळ टोकाला हात न लावणं तर सहज शक्य आहे, कारण तिथे खोदून साठा फारसा वाढत नाही. तिथेच देवधान असतं, तिथेच शंख, तिथेच तित्तर. काढायचंच असेल तर तिथलं बेशरम नावाचं झुडूप काढावं. ते कुणाचंच खाणं नाही, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, आणि एकदा पसरलं की खालचं गवत मारून टाकतं. बेशरम काढून देवधान आणि पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम भंडारा-गोंदियात गावकऱ्यांनी आणि ढिवर बायांनी काही तलावांवर केलं आहे. तिथे मासळीही परत आली आहे.

शहरांत तर याहून वाईट चाललं आहे. मी आता राहते त्या शहरातल्या एका तळ्याचं सुशोभीकरण झालं. चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, भिंतीवर फरश्या, फरश्यांवर फिरायचा रस्ता, रस्त्याकडेला दिवे. संध्याकाळी माणसं येतात, लहान मुलं सायकली चालवतात, त्यांचा आनंद मला परका नाही. शहरातल्या म्हाताऱ्यांना चार पावलं सुरक्षित चालता आलंच पाहिजे. पण भिंत झाली आणि पाणी अन् जमीन यांच्यातला तो सगळा पट्टा एका रेषेवर आला. रेषेवर अंडी घालता येत नाहीत. पायला भिंत चढून वर आली तरी पुढे फरशी. तित्तराची तर गोष्टच सोडा, तो त्या बाजूला पूर्वी ओरडायचा असं तिथले जुने रहिवासी सांगतात.

फिरायचा रस्ता कडेपासून वीस-तीस हात मागे घेतला असता तरी फिरणं झालं असतं. मध्ये गवताचा पट्टा राहिला असता आणि मुलांना त्या गवतात बघायला काहीतरी मिळालं असतं. हे अवघड स्थापत्य नाही. आराखडा काढताना पाण्याच्या निळ्या रंगाला आणि जमिनीच्या तपकिरी रंगाला लागून एक तिसरा रंग ठेवावा लागेल, इतकंच.

गावाकडे हल्ली हाच सोस पोहोचतो आहे. एका गावच्या सभेत तलावाला चारही बाजूंनी दगडी पिचिंग करायचं ठरत होतं, तेव्हा मी उभी राहून बोलले. पाळीच्या आतल्या अंगाला दगड हवेतच. लाटांनी माती ढासळली आणि पाळ फुटली तर खालच्या बांध्या आणि घरं वाहून जातील. पण पाणी अडवणारी पाळ एकाच बाजूला आहे. उरलेल्या तीन बाजूंना अडवायला काही नाही, तिथे तलावाला उतरू द्या, मातीत मिसळू द्या. सरपंचबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण ताई, त्या तीन बाजूंना दगड नाही टाकले तर उरलेल्या पैशांत काय करायचं?” मी म्हटलं, बेशरम काढायची मजुरी द्या, गावातल्याच बायांना. ठरावात एक बाजू कमी झाली आहे. दोन बाजूंसाठी मी पुढच्या सभेला परत जाणार आहे.